दूध, दात आणि कान : आपल्या शरीरातील सस्तन वारसा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा झाडाखाली पडलेला कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकत असतो, म्हैस डबक्यातल्या चिखलात जाऊन बसते आणि माणसाचा सदरा घामाने पाठीला चिकटतो. या तिघांची धडपड एकाच गोष्टीसाठी चाललेली असते, आणि ती म्हणजे शरीराचे तापमान ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ न देणे. माणसात ही मर्यादा ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर कुत्र्यात आणि म्हशीत ती ३८ ते ३९ अंशांच्या दरम्यान असते. कुंपणावरच्या सरड्याचे तसे नाही. तो सकाळी उन्हात शेकून अंग तापवतो, ऊन कडक झाले की सावलीत सरकतो आणि रात्री हवेबरोबर थंड पडतो. स्वतःच्या शरीरात सतत उष्णता निर्माण करून तापमान राखण्याची सोय त्याच्याकडे नाही.

ही सोय फार महाग आहे. सारख्याच वजनाचा सस्तन प्राणी आणि सरपटणारा प्राणी नुसते स्वस्थ बसून राहिले, तरी सस्तन प्राण्याचा ऊर्जेचा खर्च कित्येक पटींनी अधिक असतो. चूल अखंड पेटती ठेवायची तर सरपणही अखंड लागते, तसाच हा प्रकार आहे. एकदा पोटभर खाल्ल्यावर घोरपड बरेच दिवस काढू शकते. आपल्या घरांत रात्री भिंतीच्या कडेने धावणाऱ्या चिचुंद्रीला मात्र थोड्या थोड्या तासांनी काही ना काही खावेच लागते.

अंगावर केस असतात, पिलांना दूध पाजले जाते, दात वेगवेगळ्या प्रकारचे असतात, हृदयाला चार कप्पे असतात, अशी सस्तन प्राण्यांच्या लक्षणांची यादी आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली असते. यादी लक्षात राहते, पण ही लक्षणे एकाच प्राण्यात एकत्र का आली, हा प्रश्न तिच्यातून सुटत नाही. माझ्या मते सस्तन प्राण्यांची उत्क्रांती समजून घ्यायची असेल, तर या महागड्या शरीराचा खर्च कसा भागवला गेला, हाच धागा हाती धरून चालावे. असे केले म्हणजे केस, दूध, दात आणि कान या वरवर असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या दिसू लागतात, आणि आपल्या स्वतःच्या शरीराचे पुष्कळसे विशेषही त्याच ओघात उलगडतात.

या कथेचा आरंभ सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी होतो. पाण्याबाहेर, कोरड्या जमिनीवर अंडी घालू शकणाऱ्या प्राण्यांच्या त्या काळी दोन शाखा झाल्या. एका शाखेतून पुढे कासवे, सरडे, साप, मगरी, डायनोसॉर आणि पक्षी आले. दुसऱ्या शाखेतून सस्तन प्राणी आले. म्हणजे आजच्या सरड्यांसारख्या प्राण्यांपासून आपण निपजलो, ही समजूत बरोबर नाही. सरडा आणि आपण समान पूर्वजाचे वंशज आहोत आणि दोघांच्या वाटा तेव्हापासून वेगळ्या आहेत. पाठीवर मोठे शीड असलेला डिमेट्रोडॉन हा प्राणी मुलांच्या खेळण्यांत हमखास डायनोसॉरांमध्ये बसवलेला असतो. वास्तविक तो पहिल्या डायनोसॉरच्या कित्येक कोटी वर्षे आधी होऊन गेला आणि त्याचे नाते डायनोसॉरपेक्षा आपल्याशी अधिक जवळचे होते.

या शाखेची खूण म्हणजे कवटीत डोळ्याच्या मागे, प्रत्येक बाजूला असलेली एकच खिडकी. जबडा मिटणाऱ्या स्नायूंना तिथे जागा मिळाली. कानशिलावर बोट ठेवून दात घट्ट आवळले, की बोटाखाली स्नायू फुगलेला जाणवतो. तो स्नायू जिथून खाली उतरून जबड्याला जोडला जातो, ती जागा म्हणजे त्या प्राचीन खिडकीचाच आपल्यातील अवशेष आहे.

सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या अखेरीस, पृथ्वीवरील जीवसृष्टीचा आजवरचा सर्वांत मोठा संहार झाला. त्यातून आपल्या शाखेचे मोजकेच प्रतिनिधी वाचले. डुकराएवढा, दोन सुळे असलेला लिस्ट्रोसॉरस हा त्यांपैकी एक होता. त्याचे जीवाश्म दक्षिण आफ्रिका, अंटार्क्टिका आणि भारतात दामोदर खोऱ्यातील खडकांत सापडतात, कारण त्या काळी हे सर्व भूभाग एकमेकांना जोडलेले होते. वाचलेल्यांपैकी सायनोडॉन्ट नावाच्या गटातून पुढे सस्तन प्राणी आले. त्यांच्या काही जातींत पोटाजवळच्या बरगड्या आखूड होत गेलेल्या दिसतात, आणि त्यावरून छाती व पोट यांच्यामधील श्वासपटल तेव्हा आकार घेत असावे, असा अंदाज बांधला जातो. शरीर उबदार ठेवायचे तर प्राणवायू भरपूर हवा, आणि तो खेचून घेण्यासाठी श्वासपटलासारखा भाता अन्य कोणत्याही प्राणिवर्गात नाही. आतल्या कानातील नलिकांच्या आकारावरून २०२२ साली काही संशोधकांनी असे अनुमान काढले, की या शाखेत उबदार रक्त सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी आले असावे. उबदार शरीरात कानातला द्रव पातळ होतो आणि त्यानुसार नलिकांची ठेवण बदलावी लागते, या तर्कावर ते अनुमान उभे आहे.

आता कानाकडे यावे, कारण मला स्वतःला संपूर्ण प्राणिशास्त्रात याहून सुंदर पुरावा ठाऊक नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचा खालचा जबडा प्रत्येक बाजूला अनेक हाडांचा बनलेला असतो आणि त्याची बिजागरी मागच्या बाजूच्या दोन विशिष्ट हाडांमध्ये असते. सस्तन प्राण्यांत मात्र खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला एकच हाड उरते, ज्यावर दात रुजलेले असतात, आणि ते कवटीच्या वेगळ्याच हाडाशी सांधलेले असते. दुसरीकडे, सरड्याच्या मधल्या कानात आवाज पोहोचवणारे एकच हाड असते, तर आपल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन असतात. जबड्यातील हाडे कमी झाली आणि कानातील वाढली. कार्ल राइकर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३७ साली गर्भांचा अभ्यास करून दाखवून दिले, की हातोडी आणि ऐरण ही दोन हाडे म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याची बिजागरी करणारी तीच दोन हाडे आहेत. डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या २२ वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाई : बिजागरी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात असताना मधल्या पिढ्यांनी अन्न चावले कशाने? उत्तर जीवाश्मांनी दिले. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गन्युकोडॉन या उंदराएवढ्या प्राण्याच्या जबड्याला जुनी आणि नवी अशा दोन्ही बिजागऱ्या शेजारी शेजारी होत्या. नव्या बिजागरीने भार उचलला, तशी जुनी हाडे मोकळी झाली, लहान होत गेली आणि आधीपासूनच कंपने पोहोचवण्याचे जे काम ती थोडेफार करत होती, तेवढेच त्यांच्याकडे उरले. चीनमध्ये सापडलेल्या यानोकोनोडॉन या सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यात ही हाडे कानाच्या आकाराची झालेली आहेत, पण अजून एका पट्टीने जबड्याशी जोडलेली आहेत. अपॉसम या अमेरिकेतील पोटपिशवीच्या प्राण्याच्या नवजात पिलातही ती जन्माच्या वेळी जबड्याला लागून असतात आणि पुढच्या काही आठवड्यांत सुटी होऊन मागे सरकतात. माणसाच्या गर्भात हाच प्रवास आईच्या पोटात पुरा होतो. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले-मिटले, की हलणारा सांधा हाताला लागतो. तो नवा सांधा आहे, आणि जुना सांधा त्याच्या मागे, कानाच्या पडद्याआड बसून हे सर्व आवाज आपल्यापर्यंत पोहोचवतो आहे.

हा बदल घडण्यास दुधाचाही हातभार लागला असावा, असे मानण्यास जागा आहे. मगरीचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत राहतात, त्यामुळे वरचे आणि खालचे दात एकमेकांत नेमके बसत नाहीत. ती लचके तोडते आणि गिळते. महागड्या शरीराला अन्नातील कण न् कण लागतो, म्हणून सस्तन प्राण्याला अन्न बारीक चावावे लागते, आणि चावण्यासाठी दात तंतोतंत जुळावे लागतात. जुळणी टिकवायची तर दात वारंवार बदलून चालत नाही. पण लहान जबड्यात मोठे दात मावत नाहीत, मग पिलाने वाढीच्या काळात खायचे काय? दुधाने ही अडचण सोडवली. पिलू बिनदातांचे राहून दुधावर वाढते, तेवढ्यात जबडा मोठा होतो, मग एकदा दुधाचे दात आणि नंतर एकदाच कायमचे दात येतात. सहा-सात वर्षांच्या मुलाचा हलणारा दात ही सुमारे २० कोटी वर्षांची जुनी तडजोड आहे.

दुधाची सुरुवात बहुधा पिलांना पाजण्यासाठी झाली नव्हती. या शाखेतील पूर्वजांची अंडी पातळ, चामड्यासारख्या कवचाची होती आणि ती लवकर सुकत. केसांच्या मुळाशी असलेल्या त्वचेतील ग्रंथींचा स्राव अंड्यांना ओलावा आणि जंतूंपासून संरक्षण देत असावा, पिलांनी तो चाटला असावा आणि जी माता अधिक पौष्टिक स्राव देई तिची पिले अधिक जगली असावीत. या तर्काला जिवंत साक्षीदार आहे. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस अंडी घालतो, पण अंड्यातून बाहेर आलेल्या पिलांना दूध पाजतो. त्याच्या मादीला स्तनाग्रे नसतात, दूध त्वचेवर पाझरते आणि पिले केसांवरून ते चाटून घेतात. अंड्यातील बलक बनवण्यासाठी लागणारी जी जनुके कोंबडीत चालू स्थितीत आहेत, त्यांपैकी प्लॅटिपसमध्ये एक शिल्लक आहे, आणि माणसात तर त्यांचे निकामी झालेले तुकडे तेवढे सापडतात. दूध पुरेसे झाले, तसा बलक अनावश्यक ठरला.

दूध नुसते अन्न नाही, ही गोष्ट आपल्या भागातील जनावरे पाळणारे कुटुंब प्रयोगशाळेशिवाय जाणते. खांद्यापलीकडे मागे जाणाऱ्या लांबलचक शिंगांची पंढरपुरी म्हैस व्याली, की रेडकाला आधी चीक पाजायचा, हे तिथे कोणाला सांगावे लागत नाही. गाई-म्हशींत रोगप्रतिकारक प्रथिने वारेतून गर्भापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे वासराला किंवा रेडकाला ती पहिल्या दिवसाच्या चिकातूनच मिळतात. उशीर झाला तर आतडे ती शोषून घेण्याची क्षमता गमावते. माणसाच्या बाळाला त्यांतील बराच भाग जन्मापूर्वी मिळालेला असतो, तरी आईचे पहिले पिवळसर दूध त्यालाही तितकेच मोलाचे असते, आणि ते पिळून टाकून देण्याची प्रथा जिथे अजून टिकून असेल तिथे ती कळकळीने थांबवली पाहिजे. वासरू आचळाला ढुशा देऊ लागले की गाईला पान्हा येतो आणि बाळ स्तनाला लागले की आईलाही येतो. दोन्ही ठिकाणी ऑक्सिटोसिन हे एकच संप्रेरक काम करते. आई आणि पिलू यांच्यातील ओढीतही त्याचा वाटा असतो.

या व्यवस्थेचा आणखी एक परिणाम पिलांच्या संख्येवर झाला. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनात कायंटाथेरियम नावाच्या, सस्तन प्राण्यांच्या अगदी निकटच्या एका प्राण्याचा जीवाश्म तिच्या ३८ पिलांसह सापडला आहे. कोणताही सस्तन प्राणी एका वेळी इतकी पिले सांभाळत नाही. मोजकी पिले, मोठे मेंदू आणि आईचा दीर्घ सहवास हे तिन्ही एकत्र आले आहेत.

हे सर्व घडत होते तेव्हा दिवसावर डायनोसॉरांची सत्ता होती, आणि आपले पूर्वज रात्रीच्या आश्रयाने जगत होते. गॉर्डन वॉल्स या नेत्रतज्ज्ञाने १९४२ साली मांडलेला हा विचार पुढे जनुकांच्या अभ्यासाने बळकट झाला. अंधारात उबदार राहण्यासाठी केसांचे आवरण हवे; चीनमधील सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांवर केसांचे ठसे स्पष्ट दिसतात. थंडी वाजली किंवा भीती वाटली, की आपल्या अंगावर काटा येतो, तो त्याच केसांना उभे करणाऱ्या बारीक स्नायूंमुळे, जरी उभे करण्याजोगे केस आता आपल्याकडे फारसे उरलेले नाहीत. अंधारात कान आणि नाक तीक्ष्ण झाले, पण रंग हरवले. पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशींचे चार प्रकार असतात, तर गाय, कुत्रा, काळवीट यांच्यात दोनच. लाल रंग बैलाला चिडवतो, हा समज म्हणूनच निराधार आहे. माणूस आणि त्याचे जवळचे माकडगट यांच्या पूर्वजांत तीन-चार कोटी वर्षांपूर्वी एका रंगजनुकाची दुसरी प्रत तयार झाली आणि तिसरा रंग परत मिळाला. ही दोन्ही जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने लाल-हिरव्यातील फरक न कळण्याचा दोष पुरुषांत अधिक आढळतो.

रात्र संपली ती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आणि त्या घटनाक्रमाचा एक साक्षीदार सोलापूरकरांच्या पायाखाली आहे. भुईकोट किल्ल्याच्या तटात दिसणारा आणि विहीर खणताना लागणारा काळा पाषाण म्हणजे त्या काळी थरावर थर साचत गेलेला दख्खनचा लाव्हा. त्याचा आज उरलेला विस्तारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. याच सुमारास मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला. डायनोसॉर नाहीसे करणाऱ्या या संहारात लाव्हाचा वाटा किती, यावर भूशास्त्रज्ञांत मतभेद असले तरी आघात हे मुख्य कारण होते, यावर बहुतेकांचे एकमत आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये शांततेच्या काळात साचलेला गाळही सापडतो. सोलापूरहून हैदराबादकडे जाताना लागणाऱ्या विकाराबाद परिसरातील नासकल या गावी अशाच गाळात इवलेसे दात मिळाले, आणि अशोक साहनी व जी. व्ही. आर. प्रसाद यांनी १९८८ साली ते भारतातील क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या कालखंडातील पहिल्या सस्तन प्राण्याचे म्हणून प्रसिद्ध केले. पुढे त्या प्राण्याला डेक्कनोलेस्टीस हे दख्खनचे नाव मिळाले. ज्वालामुखींच्या सावलीत किडे खाऊन जगणारा हा चिमुकला जीव आपल्याच भूमीवर वावरत होता.

डायनोसॉर गेल्यावर रिकाम्या जागा झपाट्याने भरल्या. कोलोरॅडोतील जीवाश्मांवरून दिसते, की ७ लाख वर्षांच्या आत तेथे सुमारे ५० किलो वजनाचे सस्तन प्राणी होते. त्यानंतरची नाती जनुकांनी नव्याने लावून दिली आणि ती चकित करणारी आहेत. उंदीर, खार आणि ससा हे गाईपेक्षा किंवा कुत्र्यापेक्षा माणसाला जवळचे आहेत. वटवाघूळ उंदरासारखे दिसत असले तरी ते गाय, घोडा आणि लांडगा यांच्या गटातले आहे. नान्नजच्या माळावर उड्या मारणाऱ्या काळविटाचे नाते घोड्यापेक्षा देवमाशाशी अधिक निकटचे आहे. देवमाशांचे पूर्वज जमिनीवर चालणारे खुरांचे प्राणी होते, आणि त्या वळणावरील इंडोहायस या छोट्या प्राण्याची हाडे जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे सापडली. या सर्वांच्या मानेत माणसाप्रमाणेच सात मणके असतात, मग ती जिराफाची मान असो वा देवमाशाची. समुद्रगाईंपैकी मॅनाटी आणि झाडावर संथपणे वावरणारा स्लॉथ हे त्याला अपवाद आहेत.

वारेची कथा तर विषाणूंपर्यंत जाते. गर्भाची वार गर्भाशयाच्या भिंतीत रुजताना तिच्या बाहेरील पेशी एकमेकींत विरघळून एकसंध थर बनतो. हे काम करणारे सिन्सिटिन हे प्रथिन मुळात एका विषाणूचे, पेशींत शिरण्यासाठीचे हत्यार होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो विषाणू आपल्या पूर्वजांच्या जनुकांत अडकून राहिला. उंदरात आणि गाई-मेंढ्यांत हेच काम वेगवेगळ्या विषाणूंकडून आलेली प्रथिने करतात, म्हणजे ही घटना स्वतंत्रपणे अनेकदा घडली.

माणसाने या वारशात काही वेगळे केले आणि काही गमावले. शेळी स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करते. आपल्याकडे त्यासाठीचे एक जनुक आहे, पण ते मोडलेले आहे, म्हणून आपल्याला लिंबू, आवळा, पेरू लागतो. घामाच्या बाबतीत मात्र आपण पुढे आहोत. केस बारीक झाले आणि २० ते ४० लाख घामग्रंथी अंगभर पसरल्या, त्यामुळे कुत्रा ज्या उन्हात थांबतो, त्या उन्हात माणूस चालत राहू शकतो. सोलापूरची कोरडी हवा घाम लवकर वाळवते आणि म्हणून ती सोसते. पण बाहेर गेलेले पाणी आणि मीठ भरून काढले नाही, तर हीच यंत्रणा कोलमडते आणि उष्माघात होतो.

समान वंशाचा पुरावा दवाखान्यांतही मिळतो. १९२२ पासून पुढे अनेक दशके मधुमेहाच्या रुग्णांना गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन दिले गेले आणि ते लागू पडले, कारण प्रथिने ज्या घटकांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी डुकराचे इन्सुलिन आपल्यापेक्षा एका अमिनो आम्लाने आणि गाईचे तीन अमिनो आम्लांनी वेगळे असते. ज्या साम्यामुळे औषध चालते, त्याच साम्यामुळे आजारही ओलांडून येतात. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे. पाल किंवा साप चावल्याने तो होत नाही, पण कुत्रा, मांजर, माकड, मुंगूस किंवा कोल्हा यांच्या चाव्याने होऊ शकतो, आणि पिसाळलेले कुत्रे चावलेल्या गाई-म्हशीलाही होतो. म्हणून यांपैकी कोणत्याही प्राण्याने चावले किंवा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी, तिला हळद, चुना किंवा तिखट लावू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी.